प्रवाळावरची कीड : औषध आधी की वाट पाहणे?

साताऱ्यात किंवा सांगलीत घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणे हा मोजक्या लोकांचा छंद आहे. समुद्र घाटाच्या पलीकडे. मीठ पाकिटातले, पाणी आरओचे, लाटा पंपाच्या. प्रवाळाचा छोटा तुकडा, ज्याला सगळे फ्रॅगच म्हणतात, मुंबई किंवा पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या गाडीने येतो. तो पिशवीतून काढल्यावर पहिली दहा मिनिटे काय करायचे, यावर या छंदातल्या जाणत्या माणसांचेही एकमत नाही. काही म्हणतात, आधी औषधाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे डिप करा. त्याशिवाय टाकीजवळसुद्धा आणू नका. काही म्हणतात, प्रवासाने अर्धमेला झालेला जीव आधी सावरू द्या, औषध नंतर. दोन्ही मतांमागे मेलेल्या प्रवाळांचा अनुभव आहे. पहिल्याला अतिरेक आणि दुसऱ्याला आळस म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

वादात शिरण्यापूर्वी त्याची हद्द सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत मालवणच्या खडकावरचे प्रवाळही आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखालची परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे अ‍ॅक्रोपोरासारखी दगडी सांगाड्याची प्रवाळे घरी ठेवण्याची बाजू मी येथे मांडत नाही. आपल्याकडच्या घरगुती टाकीसाठी उरतात ती मुख्यतः झोअँथिड, मशरूम आणि लेदर कोरल यांसारखी खडक न बांधणारी मंडळी. तीही कोठून आली, कोणत्या कागदांवर आली, हे विचारूनच घ्यावीत.

यातून एक अडचण उभी राहते. प्रवाळावरच्या किडींपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासली गेली आहे ती नेमकी अ‍ॅक्रोपोरा खाणारी चपटी अळी, प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरे. आपल्या घरात जे प्रवाळ असू नये, त्याच्याच किडीविषयी आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे. ही अळी आधी लोकांच्या टाक्यांत सापडली आणि नंतर ग्रेट बॅरियर रीफवर दिसली. ती प्रवाळाच्या पेशींवर जगते आणि खाल्लेल्या पेशींतला रंग अंगात घेऊन त्याच प्रवाळावर बेमालूम मिसळून जाते. मागे राहतात त्या फिकट गोल चाव्याच्या खुणा. अंडी ती बुंध्याजवळ, जेथे मांसल थर मेला आहे अशा उघड्या सांगाड्यावर घालते. २७ अंश तापमानात तिचे अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र ३८ दिवसांत पूर्ण होते. प्रौढ अळी औषधाच्या पाण्यात गळून पडते. अंड्यांवर मात्र त्या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

झोअँथिडवरच्या किडी वेगळ्या आहेत. झोअँथिड खाणारी नूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, आहे. पाय म्हणजेच सारे शरीर वाटावे असा समुद्री कोळी आहे. जिलबीसारख्या वेटोळ्याच्या कवचाची सनडायल गोगलगाय आहे. मशरूम आणि लेदरवर विटकरी रंगाच्या चपट्या अळ्यांचा थर जमतो. त्यांतल्या काही प्रवाळाला प्रत्यक्ष खात नाहीत, पण इतक्या दाटीने बसतात की त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. तरीही अ‍ॅक्रोपोराच्या अळीने शिकवलेल्या दोन गोष्टी यांनाही लागू पडतात. ही नूडिब्रँकही खाल्लेल्या झोअँथिडचाच रंग अंगावर घेते. आणि तिचीही अंडी, तुकड्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली पांढरी वेटोळी, डिपमधून सहीसलामत बाहेर येतात. द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण खोडाच्या सालीखाली दडतो आणि वरून मारलेली फवारणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे तासगावच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. फ्रॅग ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला येतो, त्या प्लगची खालची बाजू म्हणजे ती साल आहे.

डिप हवाच, असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा औषधाचा नसून डोळ्यांचा आहे. काचेबाहेरून पाहून कीड दिसत नाही. पांढऱ्या भांड्यात टाकीचेच पाणी घेऊन त्यात डिपचे औषध मिसळायचे, फ्रॅग धरून ड्रॉपरने त्याच्यावर पाण्याचे झोत मारायचे आणि तळाशी काय पडते ते भिंगातून पाहायचे. दहा मिनिटांत जे दिसते, ते महिनाभर टाकीसमोर बसून दिसेलच असे नाही. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन पाहणे, ही दुसरी परीक्षा. सनडायल गोगलगाय बहुधा तेव्हाच बाहेर पडते. या अर्थाने डिप हा उपचारापेक्षा तपास अधिक आहे.

दुसरीकडे, वाट पाहणाऱ्यांचे म्हणणे तितकेच गंभीर आहे. मिटलेले झोअँथिड म्हणजे कीड, असे समीकरण नाही. खारटपणातला फरक, फार तीव्र प्रकाश, चुकीच्या दिशेचा प्रवाह, पाण्याच्या क्षारतेतला अचानक बदल यांतल्या कोणत्याही कारणाने ते दिवसेंदिवस मिटून राहते. अशा जिवाला वर औषधाचे स्नान घातले, तर आपण आजाराऐवजी रोग्यालाच मारतो. शिवाय फ्रॅगबरोबर येणारा प्रत्येक जीव शत्रू नसतो. निसर्गात ट्रॅपेझिया नावाचे छोटे खेकडे प्रवाळाच्या फांद्यांत राहतात आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाला हुसकावून लावतात. केसाळ ब्रिसलवर्म मेलेले अन्न साफ करतात. प्रवाळ आधी मेलेले असते आणि त्यावर ते सापडतात म्हणून खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. डिपचे औषध असा भेद करत नाही. दगडातून एखादे बोटभर लांब काहीतरी वळवळत बाहेर आले की घाबरून टाकीत औषध ओतणे ही या छंदातली फार महागडी चूक आहे, आणि ती बहुधा मन लावून टाकी सांभाळणाऱ्यांकडूनच होते.

मग औषध कोणते, हा प्रश्न येतो, आणि येथे सातारा-सांगलीच्या हौशी माणसाची परिस्थिती मुंबईकरापेक्षा वेगळी होते. प्रवाळांसाठी बनवलेले तयार डिप आयात केलेले, महाग आणि लांबून मागवावे लागणारे. उलट, परदेशातले अनेक छंदी लोक ज्या बागेच्या कीटकनाशकात फ्रॅग बुडवतात, त्यातला एक मुख्य घटक इमिडाक्लोप्रिड आहे, आणि इमिडाक्लोप्रिड आपल्याकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. चपट्या अळ्यांवर वापरले जाणारे लेव्हामिसोल हेही माण-खटावच्या मेंढपाळाला ठाऊक असलेले जंतनाशक. स्वस्त आणि हाताशी असलेले औषध वापरू नये, असे म्हणणे सोपे नाही. महिन्याचा मिठाचा आणि विजेचा खर्च भागवताना जीव मेटाकुटीला आलेल्या माणसाला तर नाहीच.

मात्र मला हा मार्ग धोक्याचा वाटतो, आणि कारण भावनिक नाही. शेतातल्या बाटलीवरची मात्रा एकरासाठी किंवा पंपासाठी असते. वाडग्यातल्या एक लिटर खाऱ्या पाण्यासाठी ती कोणी ठरवलेली नाही. त्या बाटलीत मुख्य औषधाबरोबर इतर द्रावकेही असतात आणि ती उत्पादनागणिक बदलतात. फ्रॅग नीट धुतला गेला नाही, तर टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडे आधी मरतात. लेव्हामिसोलने अळी मरते असे नाही. बरेचदा ती नुसती लुळी पडून सुटते, म्हणून ती त्याच वेळी पाण्यातून उचलून काढावी लागते. आणि अपुऱ्या मात्रेने जंतांना औषधाची सवय कशी होते, याचा अनुभव मेंढ्यांच्या बाबतीत जगभर आलेला आहे. टाकीतल्या किडींना तो नियम लागू नसेल, असे समजायला काही आधार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल बोलताना दोन्ही बाजू मला पुरेशा सावध वाटत नाहीत. झोअँथिडांपैकीच पॅलिथोआ गटातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असते. हवाईतल्या पॅलिथोआतून ते १९७१ मध्ये वेगळे काढले गेले, आणि ज्ञात नैसर्गिक विषांपैकी ते अत्यंत जहाल विषांत मोडते. अंडी काढण्यासाठी जुन्या टूथब्रशने प्लग घासणे, कीड लागलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणे, हे उपाय ऐकायला निरुपद्रवी वाटतात. पण घासताना उडालेला थेंब डोळ्यात गेला किंवा वाफ श्वासात गेली, तर रुग्णालय गाठावे लागते. परदेशात असे दगड घरात उकळल्याने सबंध कुटुंबे आजारी पडली आहेत. अंडी हाताने काढणे हाच खात्रीचा उपाय आहे, हे खरे. पण ते पाण्याखाली धरून, चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, हातमोजे आणि चष्मा घालून, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दूर करायचे काम आहे. मुलांना ‘बघ कसं करतो’ म्हणून जवळ बोलवायची ही वेळ नाही. शक्य असेल तेव्हा प्लगच काढून टाकावा आणि अंड्यांसकट कचऱ्यात जाऊ द्यावा.

औषधाला पर्याय म्हणून तिसरा पक्ष उभा राहतो तो मित्रकिडीचा. या पक्षाला सांगली जिल्ह्यात वेगळे वजन आहे. २००२ च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला, तो महाराष्ट्रात प्रथम याच जिल्ह्यात दिसला. पानांच्या खाली कापूस पिंजून लावल्यासारखा पांढरा थर, वरच्या पानांवर चिकटा आणि काळी बुरशी, हे दृश्य त्या काळात शेतात वावरलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी पोहोचत नव्हती. अखेर मावा आटोक्यात आणण्यात डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस आणि एन्कार्शिया या मित्रकीटकांचा वाटा फार मोठा ठरला. ज्याने ते पाहिले, त्याने आपल्या टाकीतही औषधाऐवजी शत्रूचा शत्रू सोडावा असे म्हटले, तर ते स्वाभाविक आहे. त्याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पेपरमिंट कोळंबीच्या एका जातीने अ‍ॅक्रोपोराच्या अळ्या आणि त्यांची अंडीही खाल्ली. औषध जेथे हरते, तेथे कोळंबी पोहोचली. सहा पट्ट्यांच्या रास माशानेही अळ्या कमी केल्या.

तथापि, ऊस आणि टाकी यांत एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. डिफाला एका शेतातला मावा संपला की पुढचे शेत होते. टाकीला चार काचा आहेत. फक्त एकाच प्रकारच्या किडीवर जगणारा जीव, उदाहरणार्थ चपट्या अळ्या खाणारी निळ्या रेघांची समुद्री गोगलगाय, आपले काम चोख करते आणि मग उपाशी मरते. तो जीवही कुठल्यातरी समुद्रातून काढलेलाच असतो. जो सगळे काही खातो, तो रास मासा उपाशी मरत नाही. पण तो उपयोगी किड्यांवरही ताव मारतो, लहान माशांना छळतो, आणि अळ्या कमी करतो, संपवत नाही. पेपरमिंट कोळंबीच्या बाबतीत दुकानात नेमकी तीच जात मिळेल याची खात्री नसते, आणि काही कोळंब्या भूक लागली की प्रवाळालाच टोचतात. मित्रकिडी म्हणून मला मान्य आहेत त्या कीड पुन्हा वाढू नये म्हणून ठेवलेल्या पहारेकरी म्हणून. आलेली साथ त्या निस्तरतील, ही अपेक्षा चार काचांच्या आत रास्त नाही.

उरतो क्वारंटाइन : नवा फ्रॅग वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा, ठरावीक दिवसांनी पुन्हा डिप करायचा आणि एक पूर्ण चक्र उलटून गेल्यावरच मुख्य टाकीत हलवायचा. कागदावर याला तोड नाही. प्रत्यक्षात, दहा-पंधरा लिटरच्या टाकीचे पाणी दोनशे लिटरच्या टाकीपेक्षा फार लवकर बिघडते. त्यासाठी वेगळा हीटर, पंप, दिवा लागतो, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवरचा भार वाढतो. नवख्या माणसाच्या क्वारंटाइन टाकीत प्रवाळ किडीने नव्हे, तर क्वारंटाइननेच मरण्याची शक्यता खरोखर असते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. साताऱ्यात दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्या टाकीला जागा कोठून आणायची, हाही प्रश्न आहेच.

तापमानाचा मुद्दा मात्र येथे दोन्ही बाजूंनी बोलतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि चिलर नसलेल्या टाकीचे पाणी सहज ३० च्या पुढे सरकते. पाणी गरम असले की अळीची अंडी लवकर फुटतात, थंड असले की उशिरा. म्हणजे ‘दर सात दिवसांनी, तीन वेळा डिप’ हे कुठूनतरी उचललेले वेळापत्रक सांगलीच्या मेमध्ये आणि साताऱ्याच्या डिसेंबरमध्ये सारखे चालणार नाही. थंड पाण्यात ते फार लवकर संपते, आणि शेवटची अंडी त्यानंतर फुटतात. गरम पाण्यात दोन डिपमधले अंतर जास्त पडू शकते. उन्हाळ्यात क्वारंटाइनचे दिवस कमी लागतात, पण त्याच उन्हात छोटी टाकी सांभाळणे सर्वांत कठीण. यावरचा साधा तोडगा मला असा दिसतो, की एप्रिल-मेमध्ये नवा फ्रॅग आणूच नये. तो तेव्हा प्रवासातही सर्वाधिक भाजतो.

कीड मुख्य टाकीत शिरलीच, तर? येथे माझा कल स्पष्ट आहे, तरी विरुद्ध बाजूचे दुःख मला कळते. सबंध टाकीत औषध टाकण्याचे समर्थन करणारे म्हणतात, दगडाला चिकटून वाढलेली वसाहत काढताच येत नाही. एक एक फ्रॅग बुडवून दगडातल्या अळ्या जात नाहीत. खरे आहे. पण हजारो चपट्या अळ्या एकदम मेल्या की त्यांच्या शरीरातले विष पाण्यात उतरते, आणि अळ्यांच्या औषधाने नव्हे, तर अळ्यांच्या मरणाने मासे मरतात. सायफनच्या नळीने आधी जितक्या ओढता येतील तितक्या अळ्या रोज बाहेर काढाव्यात, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि बदलायचे पाणी तयार ठेवावे, आणि मगच, संख्या कमी झाल्यावर, औषधाचा विचार व्हावा. एखादी वसाहत सर्वांत जास्त पोखरली असेल, तर तिचा निरोगी भाग कापून वेगळा ठेवावा आणि बाकीची सोडून द्यावी. दोन वर्षे वाढवलेला गोळा टाकून देणे हे दुःखच आहे. तरी चार महिने दर आठवड्याला औषध घालून सगळी टाकी आजारी ठेवण्यापेक्षा ते सोसणे बरे, असे मला वाटते.

डिपचे उरलेले पाणी कोठे जाते, हेही हिशेबात धरले पाहिजे. प्रवाळावरची अळी गोड्या पाण्यात जगत नाही, त्यामुळे ती नाल्यातून कृष्णेत जाऊन पसरेल ही भीती निराधार आहे. पण वाडगाभर कीटकनाशकाला तो नियम लागू नाही. नदीतल्या कीटकांच्या पिल्लांना, ज्यांवर मासे जगतात, इमिडाक्लोप्रिड फार अल्प प्रमाणातही बाधते. एका वाडग्याने कृष्णेचे काही बिघडत नाही, असा युक्तिवाद होईल, आणि आकड्यांत तो खोटा नाही. उसाच्या पट्ट्यातून नदीत जे वाहून येते, त्यापुढे आपला वाडगा नगण्य आहे. तरीही जो माणूस प्रवाळासाठी पाण्यातला एक-दोन अंशांचा फरक मोजतो, त्याने दुसऱ्या पाण्याबाबत इतका ढिला हिशेब करू नये, असे मला वाटते. आयोडीनचे किंवा प्रवाळांसाठीच बनवलेले डिप थोडे महाग पडले, तरी ती किंमत मी रास्त धरतो.

तेव्हा माझे म्हणणे असे. आलेला फ्रॅग आधी तासभर मंद प्रकाशात, तापमान आणि खारटपणा जुळवून सावरू द्यावा. वाट पाहणाऱ्यांचे एवढे ऐकावे. मग सौम्य डिप, पांढऱ्या भांड्यात, भिंग हातात घेऊन. प्लग टाकून द्यावा. जागा असेल त्याने क्वारंटाइन ठेवावे, नसेल त्याने मुख्य टाकीच्या एका कोपऱ्यात, सहज उचलता येईल अशा जाळीवर फ्रॅग सहा आठवडे ठेवावा, दगडाला चिकटवू नये, आणि मधल्या काळात त्याला दोन-तीनदा पुन्हा बुडवून पाहावे. हे क्वारंटाइन नव्हे, हे मान्य. कोपऱ्यातून कीड सुटू शकते. पण दहा लिटरच्या बिघडलेल्या पाण्यात प्रवाळ मारण्यापेक्षा आणि काहीच न करण्यापेक्षा ते बरे आहे.

सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात फ्रॅग विकत घेण्यापेक्षा एकमेकांना देण्याचीच रीत जास्त आहे, आणि कीडही त्याच वाटेने फिरते. देणाऱ्याला आपल्या टाकीत काय आहे हे सांगायला संकोच वाटतो, घेणाऱ्याला विचारायला. फुकट दिलेल्या वस्तूची चौकशी करणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. फ्रॅगच्या पिशवीवर जातीच्या नावाखाली शेवटच्या डिपची तारीख आणि त्या वेळी भांड्याच्या तळाशी काय सापडले ते लिहून दिले, तर विचारायची वेळच येणार नाही.